हिमोग्लोबिन कमी आहे, पण लोह कमी आहे का?

रिपोर्टवर हिमोग्लोबिन १०.४ आणि खाली शेरा, 'तांबड्या पेशी लहान व फिकट'. पुढची पायरी जवळजवळ ठरलेलीच: लोहाच्या गोळ्या. बऱ्याचदा हा अंदाज बरोबर निघतो, कारण अ‍ॅनिमियाच्या कारणांत लोहाची कमतरता जगभर आघाडीवर आहे. पण थेट असाच रिपोर्ट थॅलेसेमिया मायनर हा जन्मजात जनुकीय दोष असलेल्या माणसाचाही येतो. त्याला वर्षभर गोळ्या दिल्या तरी आकडा जागचा हलत नाही. मग 'याला गोळ्या लागूच पडत नाहीत' म्हणून कंपनी बदलून दुसऱ्या गोळ्या सुरू होतात!

हिमोग्लोबिनमध्ये लोह असलेला हीम असतो आणि ग्लोबिन नावाचं प्रथिन. लोह संपलं की हीम बनत नाही. थॅलेसेमिया मायनरमध्ये लोह असतं, पण ग्लोबिनची साखळी बनवणारं जनुक आईकडून किंवा वडिलांकडून सदोष आलेलं असतं. दोन्हीकडे पेशीत हिमोग्लोबिन कमी भरतं, म्हणून पेशी लहान राहते. मायनर हा तसा आजार म्हणावा असा नाहीच; बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही.

फरकाची पहिली खूण साध्या सीबीसीतच, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीतच असते, फक्त सगळ्यांची नजर हिमोग्लोबिनवर खिळलेली असते. समजा दोघांचंही हिमोग्लोबिन १०.४ आहे. एकाचा आरबीसी काउंट, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, ४३ लाख आणि एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ७६. दुसऱ्याचा काउंट ५४ लाख आणि एमसीव्ही ६२. पहिल्याकडे मालच नाही, त्यामुळे पेशीही कमी बनल्या आहेत. दुसऱ्याच्या पेशी मुबलक आहेत, पण अगदीच बारक्या. एमसीव्हीला आरबीसी काउंटने (दशलक्षात) भागायचं: पहिल्याचं उत्तर येतं साधारण १७.७, दुसऱ्याचं ११.५. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात. तेराच्या खाली थॅलेसेमियाचा संशय, वर लोहाचा. पण हा संशयच, निदान नव्हे.

निदानासाठी आधी फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचा अंदाज. प्रौढांमध्ये ते १५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर लोह संपलंय यात शंका नाही. ३० च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर कमतरताच धरतात. मात्र अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटंच वर जातं. थॅलेसेमियासाठी एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी असते; तीत हिमोग्लोबिन ए-२ हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर आला तर बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे दोष ग्लोबिनच्या बीटा साखळीत.

लोहाच्या कमतरतेत गोळ्यांइतकाच महत्त्वाचा, आणि हमखास राहून जाणारा प्रश्न म्हणजे लोह गेलं कुठे? एक मिलिलिटर रक्तासोबत सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, आणि आतडी दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतात. पाळीत जास्त रक्तस्राव, गरोदरपण, मूळव्याध, जंत, जठरातला व्रण, सीलिएक आजार (गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसणं), काहीही असू शकतं. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या बायकांत तर जठर-आतड्याची तपासणी टाळूच नये. तिथे कधीकधी कर्करोगाचा पहिला इशारा हाच असतो.

गोळी दिवसातून एकदाच पुरते. एक डोस घेतला की हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि पुढचा डोस नीट शोषू देत नाही, म्हणून काहींना दिवसाआड गोळी देतात. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या यांच्यापासून ती दूर ठेवावी. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे, घाबरायचं कारण नाही. पोट फारच बिघडलं तर रिकाम्या पोटी घ्यायचा हट्ट सोडून जेवणासोबत घ्यावी. कमी शोषली जाणारी गोळी ही डब्यात पडून राहिलेल्या गोळीपेक्षा बरी. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमनी वाढायला हवं. आकडा सामान्य झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात. नेमकं इथेच बरेच जण थांबतात आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येतात.

मायनरला औषध नाही आणि ते लागतही नाही. लोह कमी नसताना गोळ्या घेत राहणं मात्र बरं नाही, कारण जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. खरी काळजी पुढच्या पिढीची. आईवडील दोघेही बीटा मायनर असतील तर दर गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि मेजर म्हणजे जन्मभर रक्त चढवणं. म्हणून मायनर निघालेल्या व्यक्तीच्या जोडीदाराची तपासणी गरोदर राहण्याआधीच व्हावी.

गंमत म्हणजे दोन्ही एकाच माणसात असू शकतात. लोह फार कमी असेल तर ए-२ खाली ओढलं जातं आणि मायनर लपतो. अशा वेळी आधी लोह भरून काढायचं. फेरिटिन सुधारलं तरी एमसीव्ही ६२ वरच अडून राहिला, तर एचपीएलसी पुन्हा करायची. तीही सामान्य आली तर अल्फा थॅलेसेमियाचा, म्हणजे ग्लोबिनच्या अल्फा साखळीतल्या दोषाचा, विचार करावा लागतो, आणि त्याचा मायनर पकडायला डीएनए तपासणी लागते.