सेन्सर बदलण्याआधी तार पाहा

रब्बीची ज्वारी निघाली की रानातले उंदीर आडोसा शोधू लागतात, आणि परभणीकडच्या एखाद्या शेडमध्ये महिनाभर उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे बोनेट त्यांना आयतेच सापडते. मग लग्नसराईत चावी फिरवावी, तर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. अशा वेळी अनेकदा थेट क्रँक सेन्सरच, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याची (क्रँकची) स्थिती टिपणारा सेन्सरच, बदलला जातो. ही घाई महागात पडते, कारण नवा सेन्सरही त्याच कुरतडलेल्या तारेला जोडला जातो.

पेट्रोल केव्हा फवारायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो, मात्र पिस्टन कुठे आहे हे त्याला सेन्सरच सांगतो. बऱ्याच गाड्यांत क्रँकवरच्या चक्रावर ६० दात्यांची जागा असून त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या फटीवरून क्रँकची नेमकी स्थिती ओळखता येते. दोन तारांच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि तांब्याचे वेटोळे असते. दाता समोरून सरकला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम २०० फेरे घेते, त्यामुळे हा संकेत फारच क्षीण असतो. वेग वाढला की तो अनेक पटींनी मोठा होतो. म्हणूनच तारेतला जो दोष धावत्या गाडीत लपून जातो, तो सुरू होताना आडवा येतो.

बॅटरीची तार काढून ईसीयूकडचा कनेक्टर सोडवावा आणि तिथूनच दोन तारांमधला रोध मोजावा, म्हणजे सेन्सर आणि वायरिंग दोन्ही एका मापात येतात. साधारणपणे काही शे ते हजारभर ओहम दिसतात. आकडा आला म्हणून मीटर उचलू नये. वायरिंगची जुडी हळूहळू वाकवत जावे, कारण आकडा उडाला की जागा सापडलीच. कधी आवरण वरून शाबूत दिसते, पण बोटांत पोकळ लागते, आणि सोलल्यावर तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघते.

तीन तारांचा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, बाहेरच्या पुरवठ्यावर चालणारा) असेल, तर ओहम मोजून फारसे काही कळत नाही. तिथे चावी चालू ठेवून पुरवठा आणि अर्थिंग तपासावे. बल्बचा टेस्टर मात्र ईसीयूच्या तारांना लावू नये, तो नको तेवढा प्रवाह ओढतो.

जोडाला डाख (सोल्डर) देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. दोन तारांच्या सेन्सरमध्ये तारांची अदलाबदल झाली, तर रोध अचूक येतो, पण ईसीयूला दात्यांची वेळ चुकीची कळते आणि गाडी पुन्हा तशीच अडते.