शुक्राला ‘जुळी बहीण’ का म्हणतात? : पार्श्वभूमी

भारताच्या शुक्रमोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये १२३६ कोटी रुपये मंजूर झाले आणि उड्डाणासाठी मार्च २०२८ ठरला. शुक्राची बातमी आली की ‘पृथ्वीची जुळी बहीण’ हे शब्द हमखास येतात. मराठीत हे जरा चमत्कारिकच. आपला शुक्र म्हणजे दैत्यांचा गुरू, चांगला दाढीवाला. स्त्रीलिंगी आहे ती फक्त शुक्राची चांदणी. बहीण आली ती व्हीनस या रोमन देवतेच्या नावामागून, इंग्रजीच्या वाटेने. पण लिंगाचे सोडा, खरा घोळ ‘जुळी’ या शब्दात आहे.

शब्द आला तो मोजमापातून. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, शुक्राचा १२,१०४. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८१ टक्के. एवढ्यावर जुळे म्हणायला हरकत नव्हती. पण १७६१ च्या अधिक्रमणात, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना, त्याला वातावरण असल्याची चिन्हे दिसली, आणि ढगांखालचे काही दिसेना. मग ढग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे दलदल, दलदल म्हणजे घनदाट जंगल, अशी साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामवंतांनीही जुळवली. १९३२ मध्ये शुक्राच्या प्रकाशाच्या वर्णपटात (रंगांच्या पट्ट्यात) कार्बन डायऑक्साइड सापडला, तरी जंगल लगेच वाळले नाही. १९५६ मध्ये रेडिओ दुर्बिणीने तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान दाखवले, तेव्हाही काहींनी ती उष्णता वरच्या विद्युतभारित थराची ठरवली. १९६२ मध्ये अमेरिकी यान मरिनर-२ जवळून गेले आणि ती खालूनच येते हे कळले.

१९६७ मध्ये सोव्हिएत व्हेनेरा-४ चे संदेश थांबले, तेव्हा ते जमिनीवर पोहोचल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात यान सुमारे २५ किलोमीटर वर होते! दुसऱ्याच दिवशी जवळून गेलेल्या अमेरिकी मरिनर-५ चे आकडे त्याच्याशी जुळेनात, आणि वाद पुढे दोन वर्षे चालला. १९७० मध्ये व्हेनेरा-७ खरोखर उतरले. आज मान्य असलेले आकडे असे: तापमान सुमारे ४६५ अंश, दाब पृथ्वीच्या ९२ पट.

इथे ‘जुळी’ हा शब्द टाकून द्यायला हवा होता. त्याऐवजी त्याचा अर्थच बदलला: जन्म सारखा, नशीब वेगळे. हा नवा अर्थ मला जुन्यापेक्षा बराच बरा वाटतो, कारण त्याला हिशेबाचा आधार आहे. दोन्ही ग्रहांवर कार्बन जवळपास सारखाच. आपला बहुतेक चुनखडीत कोंडलेला, तिथला हवेत. ‘सूर्याजवळ म्हणून तापला’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. शुक्राचे ढग तीन चतुर्थांश प्रकाश परतवतात, त्यामुळे तो पृथ्वीपेक्षाही कमी ऊन शोषतो. तापवते ते हवेचे पांघरूण. हवामानबदलाच्या चर्चेत शुक्राचा बागुलबुवा उभा करतात तो यावरूनच. पृथ्वी लवकरच शुक्र होईल असे मात्र त्यातून निघत नाही.

पाण्याचे काय झाले, हा प्रश्न १९७८ मध्ये टोकदार झाला. शुक्राच्या हवेत साध्या, हलक्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचे (त्याच्याच दुप्पट वजनाच्या प्रकाराचे) प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त निघाले. म्हणजे हलका हायड्रोजन मोठ्या प्रमाणात अवकाशात निसटला. पण ते पाणी कधी समुद्र होऊन साचले होते का? २०१६ च्या एका संगणकीय प्रारूपात समुद्र अगदी ७० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत टिकतात. २०२१ च्या दुसऱ्यात वाफ कधी थंड होऊन पडतच नाही. २०२० मध्ये ढगांत फॉस्फीन (जीवसृष्टीची संभाव्य खूण मानला जाणारा वायू) सापडल्याचा दावा गाजला आणि नंतर बराच खाली आला. त्यापेक्षा मोलाचे २०२३ मध्ये मिळाले: मॅगेलन यानाच्या १९९१ च्या रडारचित्रांत एका ज्वालामुखीचे मुख आठ महिन्यांत बदललेले दिसले.

२०२१ मध्ये अमेरिकेने दोन आणि युरोपने एक मोहीम निवडली. त्यातले एक यान ढगांतून खाली उतरताना जड हायड्रोजन पुन्हा मोजणार आहे.