मानसशास्त्रज्ञ होण्याची वाट आणि एम.फिल.चा तिढा

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर रुग्णालयात काम करायचं तर पुढे काय शिकायचं, याचं उत्तर गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्या वेळा बदललं आहे की दोन वर्षं पुढे असलेल्या मैत्रिणीचा सल्लाही आज एम.ए.ला असलेल्या मुलीच्या कामाचा उरत नाही. हा सगळा गोंधळ एम.फिल. या एम.ए.नंतरच्या पदवीभोवतीचा आहे.

कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, १९२४ मध्ये म्हैसूरला. तिथे भर प्रयोगशाळेवर होता. रुग्णांमध्ये राहून शिकण्याची सोय झाली ती स्वातंत्र्यानंतर. बंगळूरला १९५४ मध्ये मनोरुग्णालयाला जोडून राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. साठच्या दशकात रांचीलाही तसा अभ्यासक्रम आला. पुढे सत्तरच्या दशकात बंगळूरच्या पदविकेला एम.फिल. हे नाव मिळालं. त्या वेळी ही बढती वाटली असणार, पण पुढचा सारा घोळ याच नावामुळे झाला.

इतिहासात किंवा मराठीत एम.फिल. म्हणजे पीएच.डी.च्या आधीचा छोटा प्रबंध. क्लिनिकल सायकॉलॉजीतलं, म्हणजे मानसिक त्रास असलेल्यांच्या तपासणी-उपचाराच्या मानसशास्त्रातलं एम.फिल. म्हणजे दोन वर्षं पूर्णवेळ रुग्णालय. सकाळी ओपीडीत केस हिस्टरी घ्यायची, मनःस्थितीची तपासणी लिहायची, मग वरिष्ठांसमोर केस मांडायची. शाळेत मागे पडणारं मूल आलं की बुद्धिमापन. त्यासाठी वापरली जाणारी बिने-कामत चाचणी मूळची मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली. आणखी एक प्रचलित चाचणी नागपुरात तयार झाली. ‘मुलगा काहीच बोलत नाही’ म्हणणाऱ्या आईला कोणता प्रश्न आधी विचारायचा, हे मार्गदर्शकाच्या शेजारी बसूनच कळतं. म्हणूनच एका मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी असतात आणि जागा कायम अपुऱ्या पडतात.

या प्रशिक्षणाला कायद्याचं बळ मिळालं ते अपंग पुनर्वसनाच्या वाटेने. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेने या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवायचं ठरलं. त्यात श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्याबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही आले. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. समुपदेशक, शालेय आणि औद्योगिक मानसशास्त्रज्ञ मात्र बाहेरच राहिले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर व्याख्येतच लिहिलं: याच परिषदेने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतली अर्हता, किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल.

आणि तीनच वर्षांत, जुलै २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं.

संशोधनाची मधली पायरी म्हणून ते निरुपयोगी झालं होतं, हे बहुतेक विषयांत खरंच होतं. पण सरसकट निर्णय घेताना या एका विषयातलं एम.फिल. वेगळं आहे, याचा विचार झालेला दिसत नाही. एका कायद्याने जी पदवी व्याख्येत लिहिली, तीच दुसऱ्या खात्याच्या धोरणाने रद्द. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांत उच्च शिक्षण संस्थांना एम.फिल. चालवायला मनाई झाली. डिसेंबर २०२३च्या अखेरीस जाहीर सूचना निघाली की ही पदवी मान्य नाही, विद्यार्थ्यांनी प्रवेश घेऊ नये. प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या घरी त्या आठवड्यात काय झालं असेल! काही दिवसांतच, जानेवारी २०२४ मध्ये, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क (मनोरुग्णांसाठीचं समाजकार्य) या दोन विषयांपुरती २०२५-२६ या सत्रापर्यंत मुदतवाढ मिळाली. हे शहाणपण तीन वर्षं आधी सुचायला हवं होतं. एम.फिल.ची जागा घेण्यासाठी साय.डी.सारख्या (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) व्यावसायिक पदव्यांवर भर आला. पण तिथे मुख्य प्रश्न पदवीच्या नावाचा नाही. रुग्णालयातले तास आणि शिकवणारी माणसं तितकी राहणार का, हा आहे.

उरलेल्या मानसशास्त्रज्ञांना कायद्यात जागा मिळाली ती २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने. त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ आहेत, पण पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून. म्हणजे एकाच विषयाच्या एम.ए.नंतर दोन कायदे, दोन नोंदवह्या.

याच कायद्याचा आधार घेऊन २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई झाली. प्रात्यक्षिकाशिवाय हा विषय शिकवू नये, हे म्हणणं मला पटतं. पण तालुक्याच्या गावात नोकरी सांभाळून दूरस्थ एम.ए. करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका यांना जवळपास नियमित वर्ग नसतात, आणि शाळांतून समुपदेशनाचं काम करायला पुढे येणाऱ्यांत याच बायका असतात. त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली प्रात्यक्षिकं आखून मग दार बंद करता आलं असतं. बी.ए.ला अनेक विषयांपैकी मानसशास्त्र असेल, तर तेवढाच विषय वगळून बाकीचा अभ्यासक्रम चालू ठेवायची मुभा मात्र संस्थांना दिली गेली.