आवाजातून येणारा क्यूआर कोड

एसएसटीव्ही म्हणजे चित्राचे सूर करून ते रेडिओवरून पाठवणं. १५०० हर्ट्झचा सूर काळा, २३०० हर्ट्झचा पांढरा, मधले सगळे करडे. मार्टिन-१ या पद्धतीत ३२० बाय २५६ ठिपक्यांचं रंगीत चित्र यायला ११४ सेकंद लागतात. स्पीकर किरकिरत राहतो आणि पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उमटत जाते.

या चित्रात क्यूआर कोड टाकला, तर ऐकणारा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, पडद्यासमोर मोबाइल धरून तुमचं कॉलसाइन (रेडिओवरची तुमची अधिकृत ओळख) थेट नोंदवहीत घेऊ शकतो. पण त्यात वेबसाइटचा लांबलचक पत्ता कोंबू नये, असं माझं ठाम मत आहे. कॉलसाइन, ग्रिड लोकेटर (नकाशावरची तुमची जागा सांगणारी छोटी खूण) आणि सिग्नल कसा येतोय याचा रिपोर्ट मिळून १७ अक्षरं होतात. ती कॅपिटलमध्ये लिहिली तर २५ बाय २५ घरांच्या छोट्या कोडात मावतात, तेही दुरुस्तीची, म्हणजे कोडाचा खराब झालेला भाग भरून काढण्याची, सगळ्यात वरची पातळी ठेवून. भोवतीची चार-चार घरांची पांढरी किनार धरून ३३ घरं झाली. प्रत्येक घर सात ठिपक्यांचं केलं की २३१ ठिपके होतात. म्हणजे कडा थोड्या फरफटल्या तरी घर ओळखू येतं.

या वरच्या पातळीवर ३० टक्के नुकसान भरून निघतं, असं सांगतात. ते खरं आहे, पण हे ३० टक्के क्षेत्रफळाचे नाहीत, बाइट्सचे आहेत. आणि एक बाइट म्हणजे साधारणपणे दोन घरं रुंद, चार घरं उंच असा उभा ठोकळा. लघुलहरींवर सिग्नल तीन सेकंद बुडाला की चित्रात सुमारे सात ओळींचा आडवा पट्टा खराब होतो, म्हणजे घरांची एक अख्खी रांग. कोडाच्या मध्यावर ही रांग सुमारे बारा बाइट्सना छेद देते. एकूण बाइट्स ४४ आणि त्यांतले १४ पर्यंतच दुरुस्त होतात!

यावर उपाय फुकटचा आहे: कोड ९० अंशांत फिरवून लावायचा. स्कॅनरला दिशेशी देणंघेणं नसतं. ठोकळे आडवे झाले की तोच पट्टा पाच-सहा बाइट्सनाच लागतो.

कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन मात्र या दुरुस्तीत येत नाहीत. त्यांतला एक पुसला गेला की बहुतेक वेळा मोबाइलला कोडच सापडत नाही. ऐकणाऱ्याला ट्यून करायला उशीर झाला तर चित्राचा वरचा भाग हुकतो, म्हणून कोड शक्य तितका खाली ठेवावा.

हॅम रेडिओवर मजकूर लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला मनाई आहे. क्यूआरची रचना जगजाहीर असल्याने ती अडचण येत नाही. तरी चित्राच्या रुंदीत उरलेल्या ८९ ठिपक्यांच्या पट्टीत कॉलसाइन ठळक अक्षरांत लिहावंच. स्कॅन होत नाही इतकं खराब चित्रही डोळ्यांना वाचता येतं.