ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे सर्जनशील लेखनशिक्षण, मुंबई

मुंबई शहर व उपनगरांतील माध्यमिक वयाच्या, म्हणजे साधारणतः आठवी ते दहावीच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांना कथा, कविता, संवाद, आत्मकथन अशा स्वरचित लेखनाचे दिले जाणारे शिक्षण. शाळेतील भाषेचा तास, चर्चमधील रविवारची शाळा किंवा धर्मशिक्षणाचा वर्ग आणि ख्रिस्ती नियतकालिके ही त्याची तीन ठिकाणे. प्रस्तुत नोंदीत मराठीतील लेखनाचा विचार प्रामुख्याने केला आहे.

पूर्वपीठिका : या शिक्षणाचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. एक मत तो थेट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणापर्यंत नेते. हे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांचेही उल्लेख सापडतात. ख्रिस्ती शिकवणुकीच्या वर्गात नवख्रिस्ती श्रोत्याने पुराणासारखे काही वाचायला मागितले, अशी त्याच्या रचनेमागची भूमिका आहे. शिकणाऱ्याच्या मागणीतून काव्य जन्मले एवढे यावरून म्हणता येते. शिकणाऱ्याने स्वतः लिहिले असे मात्र म्हणता येत नाही. शिवाय हा इतिहास गोव्याचा आहे. मुंबई बेटावरील आणि साष्टी-वसईतील ख्रिस्ती वस्तीशी त्याचा संबंध धर्माचा व काही अंशी भाषेचा, शाळेचा नव्हे.

दुसरे मत अमेरिकन मराठी मिशनपासून आरंभ धरते. या मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले. मुलांसाठी त्यांची पहिली शाळा १८१५ च्या सुमारास, तर मुलींसाठीची शाळा १८२४ मध्ये सुरू झाल्याचे सामान्यतः मानले जाते. त्यांच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी मजकूर छापून बाहेर पडू लागला. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. मार्गारेट विल्सन यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. या शाळांतील लेखन मुख्यतः कित्ता, श्रुतलेखन, भाषांतर आणि निबंध या स्वरूपाचे होते. त्यातून गद्य घडले, आणि ते साधे, थेट, बोलण्याच्या जवळचे गद्य होते. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे या वातावरणातून आलेले लेखक. त्यांची यमुनापर्यटन (१८५७) ही विधवांच्या स्थितीवरील कादंबरी मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्यातील प्रचाराच्या हेतूमुळे तो मान लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या मुक्तामालेला (१८६१) देणारेही आहेत. वाद वाङ्मयेतिहासाचा असला तरी येथे तो महत्त्वाचा ठरतो. मिशनच्या शाळेतून शिकलेला एक तरुण ऐन पंचविशीत मराठीत कल्पित कथा लिहितो, याचा अर्थ त्या शाळांत कल्पिताला अगदीच मज्जाव नव्हता.

तिसरे मत रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी थांबते, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. १९१९ मध्ये त्यांचे निधनही मुंबईतच झाले. मधला मोठा काळ अहमदनगरचा. तेथे त्यांच्या घरी राहून त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, यांची कविता बहरली. एका कवीने वाढत्या वयाच्या मुलाला घरात ठेवून, त्याचे वाचून, ऐकून, दुरुस्त करून लिहिते केल्याचे हे मराठीतील ठळक उदाहरण आहे. विद्यार्थी ख्रिस्ती नव्हता, आणि त्याने व्हावे अशी अटही नव्हती. या परंपरेचे ते मोठेपण आहे. दुसरे उदाहरण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे. अक्षरओळखही लग्नानंतर झालेल्या या बाईंनी टिळकांचे ख्रिस्तचरित्रपर अपुरे काव्य ख्रिस्तायन पुरे केले आणि स्मृतिचित्रे (१९३४ पासून चार भागांत) लिहिले. शाळेच्या वर्गात शिकवण्याजोगे मराठी आत्मकथन याहून चांगले क्वचितच मिळेल.

नियतकालिके : ज्ञानोदय अहमदनगर येथे १८४२ मध्ये निघाले व पुढे मुंबईतूनही प्रसिद्ध होत राहिले. १९१२ पासून टिळकांकडे त्याच्या मराठी भागाचे संपादन होते. मुलांसाठी बालबोधमेवा १८७० च्या दशकाच्या आरंभी निघाला. कॅथलिकांमध्ये वसईचे सुवार्ता (१९५५) हे मासिक महत्त्वाचे. १९८० च्या दशकापासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाखाली त्याला व्यापक मराठी वाचक मिळाला. दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

अध्यापनपद्धती : पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, तीन रचनाप्रकार लेखनाच्या वर्गाला विशेष उपयोगी पडतात : दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा), स्तोत्र (बायबलच्या स्तोत्रसंहितेतील गीत) आणि साक्ष.

दाखल्यांपैकी लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला अग्रगण्य. वाट्याची संपत्ती उधळून धाकटा मुलगा परत येतो, घरात मेजवानी सुरू होते, थोरला रागावून बाहेर उभा राहतो, बाप त्याची समजूत घालतो आणि गोष्ट तेथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. दृष्टिकोन बदलून लिहिणे, न सांगितलेला शेवट शोधणे, बोलण्यातून राग दाखवणे या तिन्ही गोष्टी शिकवायला एवढा एक दाखला पुरतो. परेलच्या चाळीतला थोरला भाऊ त्या जागी उभा केला, तर मुलांना कल्पनेसाठी लांब जावे लागत नाही.

स्तोत्रांची रचना अधिक तांत्रिक आहे. हिब्रू काव्यात यमकापेक्षा समांतर रचनेला महत्त्व असते : पहिल्या चरणातील आशय दुसऱ्या चरणात निराळ्या शब्दांनी पुन्हा येतो, उलटतो किंवा पुढे सरकतो. हे तत्त्व रॉबर्ट लोथ यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मांडले. समांतरता भाषांतरातही टिकते, म्हणून मराठी वाचकाला ती हाताला लागते. १३६ व्या स्तोत्राच्या सव्वीसही ओळींत एकच पालुपद येते. भजन-अभंगांच्या धृपदावर कान तयार झालेल्या मुलांना ते सहज पटते. अक्षरबंधाचे मात्र तसे नाही. ११९ व्या स्तोत्रात आठ-आठ ओळींचे बावीस गट आहेत. प्रत्येक गटातील आठही ओळी हिब्रू वर्णमालेतील एकाच अक्षराने सुरू होतात, अशा एकूण १७६ ओळी. भाषांतरात हा बंध नाहीसा होतो. मराठी बायबलांच्या काही आवृत्त्यांत आलेफ, बेथ ही अक्षरनामे मथळ्यापुरती उरतात. शिक्षकाने येथे मुलांना ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंतचा स्वतःचा बंध बांधायला सांगावा. हरवलेली कारागिरी काय होती ते त्यामुळे नुसते समजावून सांगण्यापेक्षा लवकर कळते.

साक्ष, म्हणजे मंडळीपुढे उभे राहून स्वतःच्या जीवनात देवाने काय केले ते सांगणे, ही प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील जिवंत मौखिक प्रथा आहे. बाबा पदमनजींचे अरुणोदय हे आत्मवृत्त तिचेच लिखित रूप मानता येईल. प्रथेचा लाभ असा, की ‘मी’ने बोलायचा संकोच या मुलांना कमी असतो. तोटाही तिच्यातूनच येतो : साक्षीचा शेवट ठरलेला असतो. त्यामुळे मुलांच्या कथांत शेवटच्या परिच्छेदात प्रार्थना होते आणि आजार, भांडण, बेकारी सारे मिटते. हा दोष काढताना मुलाच्या श्रद्धेला धक्का लागेल अशी भीती अनेक शिक्षकांना वाटते. ती अनाठायी आहे. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, तेथे कोणतेही सांत्वन नाही; तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. दुःख अर्धवट ठेवण्याची मुभा मुलांना शास्त्रानेच दिली आहे, आणि ती त्यांना शिक्षकाने सांगितलीच पाहिजे.

बोली व प्रमाण लेखन : मुंबईतील ख्रिस्ती समाज भाषेने एकजिनसी नाही. ईस्ट इंडियन (मुंबई-साष्टी-वसई परिसरातील मूळचे कॅथलिक; हे नाव समाजाने १८८७ मध्ये धारण केले), वसईचे सामवेदी व वाडवळ, अहमदनगर-मराठवाड्याकडून आलेले प्रॉटेस्टंट, तसेच गोव्याचे कोकणीभाषक यांच्या घरची बोली निरनिराळी आहे. खोताची वाडी, माझगावची माटारपाकाडी, वांद्र्याचे रानवार अशा गावठाणांत लग्नाची गाणी ईस्ट इंडियन बोलीत गायली गेली. वर्गात मात्र ती फारशी पोहोचली नाहीत. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनुसार ‘असे केले’ हे रूप प्रमाण, पण पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालते. याच वाटेने पुढे जाऊन संवादात घरची बोली आणि निवेदनात प्रमाण मराठी अशी विभागणी करता येते. कादोडी ही सामवेदींची बोली बोलणारी आजी कथेत पुस्तकी मराठी बोलू लागली, की ती आजी राहत नाही. मुलाच्या घरची बोली चूक म्हणून खोडणारा लाल पेन हा या विषयातील सर्वांत मोठा अडथळा होय.

परीक्षा : राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रथम भाषेच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, २०१८–१९ पासूनच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला दिले गेले. त्यात कथालेखन जाहिरात व बातमीच्या जोडीने ऐच्छिक. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक लिहायचे असते. आत्मकथन येथे बहुधा वस्तूचे वा झाडाचे असते, स्वतःचे नव्हे. कविता लिहिण्याला स्वतंत्र गुण नाहीत.

मुंबईतील ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या बहुतेक नामवंत शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत. तेथे मराठी द्वितीय वा तृतीय भाषा असते आणि मराठीच्या तासाला व्याकरण व पाठ्यपुस्तक यांचीच सोबत राहते. कथा-कविता इंग्रजीत लिहिल्या जातात. मराठीभाषक ख्रिस्ती घरांतील मूलही या शाळेत आले, की लिहिण्यापुरते इंग्रजी होते. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला व २०२०–२१ पासून पहिली व सहावीच्या वर्गांपासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्याने मराठीच्या तासिका बंधनकारक झाल्या. स्वरचित लेखनाला त्यांतून किती जागा द्यायची हे अजून वर्गातील शिक्षकावरच अवलंबून आहे.