मराठवाड्यात ‘झी’ आली कशी: एका वाहिनीसमूहाची पार्श्वभूमी

२ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि भारतीय प्रेक्षकांसाठी पहिली खासगी हिंदी उपग्रह वाहिनी उपलब्ध झाली. या समूहाचा इतिहास सांगताना बहुधा मुंबई आणि हाँगकाँगमधील करारमदारांवरच भर दिला जातो. मराठवाड्यातून पाहताना मात्र दोन प्रश्न आधी विचारावे लागतात: ही वाहिनी इथपर्यंत आणली कोणी, आणि इथला प्रेक्षक तिच्या हिशेबात आला कधी?

जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी खासगी वाहिन्यांनी आणली, हा समज तपासून घ्यायला हवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि दूरदर्शनने १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घ्यायला प्रारंभ केला. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, पाठोपाठ देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले आणि जिल्ह्याच्या गावी गच्चीवर अँटेना दिसू लागले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण तालुक्यातील चितेगावात धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन कंपनीचे रंगीत टीव्ही संच तयार होऊ लागले. कार्यक्रम मुंबई-दिल्लीचे आणि संच मराठवाड्यात जुळवलेला, अशी ही स्थिती होती. या कंपनीचा संबंध पुढे झी समूहाच्या कथेत पुन्हा येतो.

उपग्रहावरून थेट प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याची वाट बाहेरून उघडली. एप्रिल १९९०मध्ये अवकाशात गेलेल्या ‘एशियासॅट-१’ या उपग्रहावरून हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या उद्योगसमूहाने १९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू केला. त्याच वर्षाच्या जानेवारीत आखाती युद्धाचे थेट चित्रण भारतातील मोठ्या हॉटेलांत पाहिले गेले होते आणि छतावरच्या छत्रीतून परदेश दिसतो, हे लोकांना कळले होते. मूळचे हरियाणातील हिसारचे, झीचे संस्थापक सुभाष चंद्र तोपर्यंत धान्याचा व्यापार, टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूबा आणि मुंबईतील एस्सेलवर्ल्ड यांसाठी ओळखले जात होते. त्यांनी या उपग्रहावरील ट्रान्सपाँडर, म्हणजे संकेत घेऊन परत पाठवणारे उपकरण, भाड्याने घेतला. भारताच्या भूमीवरून खासगी व्यक्तीला प्रक्षेपण करण्याची मुभा नव्हती, कारण १८८५चा तार कायदाच अजून लागू होता. तो कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही उपग्रह नव्हता, त्यामुळे आकाशातून उतरणाऱ्या संकेताविषयी तो मौन बाळगून होता. म्हणून मुंबईत चित्रित झालेल्या कार्यक्रमांच्या टेपा विमानाने हाँगकाँगला जात आणि तेथून उपग्रहामार्गे भारतात परत येत. एका मोठ्या उद्योगाचा पाया या आडवळणावर घातला गेला, हे मला या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण तथ्य वाटते.

मात्र उपग्रहाचा संकेत थेट घरात येत नव्हता. तो टिपायला जाळीची भलीमोठी छत्री लागे आणि ती कोणा एका कुटुंबाला परवडणारी नव्हती. ही पोकळी केबलवाल्याने भरून काढली. पूर्वी व्हिडिओ पार्लर चालवणारा, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा किंवा कॅसेटी भाड्याने देणारा तरुण कर्ज काढून छत्री, रिसीव्हर, मॉड्युलेटर आणि अँप्लिफायर घेई. एका खोलीत कंट्रोल रूम थाटून गच्च्यांवरून, विजेच्या खांबांवरून, लिंबाच्या झाडाला वळसा घालून काळी वायर नेई आणि महिन्याच्या सुरुवातीला दारोदार फिरून वर्गणी गोळा करी. जुन्या संचांवर जेमतेम बारा वाहिन्यांची सोय असे. त्यामुळे कोणती वाहिनी कितव्या बटणावर लावायची हा निर्णय त्याच्याच हाती होता, आणि शेवटच्या बटणांवरच्या वाहिनीचे चित्र बहुधा मुंग्या आल्यासारखे दिसे. भारनियमनाचे चटके मराठवाड्याने पुष्कळ सोसले आहेत. घरात वीज असली तरी कंट्रोल रूमच्या भागातली गेली की सारे गाव एकदमच कोरे होई, म्हणून बॅटरी किंवा जनरेटर ठेवणारा केबलवाला तालुक्यात नाव मिळवून असे. परवाना नसताना उभारलेल्या या जाळ्यावाचून मुंबईत बसलेल्या कोणत्याही समूहाला परभणी किंवा अंबाजोगाईपर्यंत पोहोचता आले नसते. वाहिन्यांच्या अधिकृत इतिहासांत त्याला मिळणारी जागा फारच अपुरी आहे.

झीवरील हिंदी बातमीपत्रे १९९५ मध्ये आली. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा त्याची वार्ता देशाला प्रामुख्याने आकाशवाणी, दूरदर्शन आणि वृत्तपत्रांनीच दिली. चोवीस तास बातम्यांच्या युगाला मराठवाड्याच्या त्या सर्वांत मोठ्या शोकांतिकेनंतर सुरुवात झाली.

कायदा मागाहून आला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या वादात, न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाच्या निकालाद्वारे, प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षी केबल नियमन कायदा होऊन केबलवाल्यांना नोंदणी बंधनकारक झाली. दरम्यान १९९३ मध्ये माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉक यांनी स्टारचा ताबा घेतला आणि झीच्या प्रक्षेपण कंपनीतही जवळपास निम्मा वाटा विकत घेतला. ही भागीदारी कुरबुरींनी भरलेली होती. १९९९ मध्ये चंद्र यांनी तो वाटा परत विकत घेतला आणि स्टारला हिंदीत उतरण्यास रान मोकळे झाले. जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ आणि सासू-सुनांच्या दैनंदिन मालिका आल्या तेव्हा झीचे अग्रस्थान गेले.

मराठी प्रेक्षकासाठी त्याच सुमाराला खरा बदल घडत होता. १५ ऑगस्ट १९९९ रोजी समूहाची ‘अल्फा मराठी’ सुरू झाली. २००५ मध्ये तिचे नाव झी मराठी झाले. २००० मध्ये हैदराबादच्या रामोजी समूहाची ईटीव्ही मराठी आली. ज्या हैदराबादशी या प्रदेशाचे १९५६ पर्यंत राजकीय नाते होते, तेथून आता मराठी मालिका आणि बातम्या येऊ लागल्या. २००८-०९ मध्ये झी मराठीच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये लातूरचा रोहित राऊत अंतिम पाच स्पर्धकांत पोहोचला, तेव्हा एसएमएसने मत देण्याच्या निमित्ताने लातूरकरांना वाहिनीच्या स्टुडिओत आपला माणूस असल्याचा प्रत्यय आला. तरीही मालिकांतील घरे बहुतेक वेळा मुंबई-पुण्याची, फार तर सातारा-कोल्हापूरची राहिली आणि मराठवाड्याची बोली अनेकदा विनोदी पात्राच्या तोंडी घालण्यात आली. हे मला खटकते.

यामागे मोजणीचे एक कारण होते. जाहिरातींचे दर प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ज्या टॅम या संस्थेच्या आकड्यांवर ठरत, त्यांत केवळ शहरांतील घरे धरली जात. खेड्यांतील घरे त्यात नव्हतीच. मराठवाड्यातील बहुसंख्य लोकसंख्या खेड्यांत राहत असल्याने इथला प्रेक्षक पाहत होता, वर्गणी भरत होता, पण जाहिरातदाराला दिसत नव्हता. टॅमनंतर आलेल्या बार्क या मोजणी संस्थेने २०१५ मध्ये ग्रामीण भागाची आकडेवारी द्यायला सुरुवात केली आणि झी समूहाने २०१३ मध्ये काढलेली, दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत छत्री-सेवेवर दिसणारी झी अनमोल ही जुन्या मालिकांची वाहिनी ग्रामीण भागात अग्रस्थानी असल्याचे उघड झाले.

छत्री हळूहळू लहान होऊन भिंतीवर आली होती. समूहाने २००३ मध्ये डिश टीव्ही ही घरोघरच्या छोट्या छत्रीवर थेट वाहिन्या देणारी सेवा सुरू केली. २००९ मध्ये आलेली व्हिडिओकॉनची डीटूएच सेवा मार्च २०१८ मध्ये तिच्यात विलीन झाली. त्याच वर्षी व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि चितेगावच्या कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. सुभाष चंद्र यांचा, झीच्या मागचा एस्सेल समूहही कर्जाच्या ओझ्याखाली आला, प्रवर्तकांचा झीमधील वाटा सुमारे ४ टक्क्यांवर घसरला आणि २०२१ मध्ये ठरलेले सोनीबरोबरचे विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये फिसकटले.

फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची वाहिनीनिहाय दररचना लागू झाली. पुढच्याच महिन्यात झीसह मोठ्या खासगी समूहांनी आपल्या मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, कारण तिथे फुकट दिसणाऱ्या वाहिनीसाठी केबलच्या ग्राहकाकडून पैसे मागणे अवघड होते. २०२० मध्ये झी अनमोल तेथे परतली आणि नंतरही ही ये-जा सुरू राहिली. गावोगावच्या फ्री डिशच्या घरांत कोणती मालिका दिसणार हे आता मुंबईतील दरपत्रकावर ठरते. पूर्वी ते गावातल्या केबलवाल्याला विचारता येत असे.