कॉयर म्हणजे मागचा कोरस नव्हे
जळगाव-भुसावळकडे गाण्याच्या गप्पांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: एकट्याने गाता येत नाही, तो समूहात उभा राहतो. साफ चूक! आपल्या खान्देशच्या कानबाई देवीच्या गाण्यांत साऱ्या बाया एकच चाल धरतात. पाश्चात्त्य शास्त्रीय कॉयरमध्ये, म्हणजे गायकांच्या समूहात, मात्र सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा उंचापासून खालच्या पट्टीपर्यंतच्या चार आवाजांच्या चार वेगळ्या चाली एकाच वेळी चालतात. शेजारचा सूर कानात घुमत असताना आपला न सोडणं किती अवघड, हे तंबोऱ्यावर बसलेल्याला लगेच कळेल. १९२४ साली सुरू झालेला 'बीबीसी सिंगर्स' हा तर पगारी गायकांचा समूह. मार्च २०२३मध्ये तो बंद करायची घोषणा झाली. दीड लाखाहून अधिक सह्या विरोधात पडल्या आणि त्याच महिन्यात निर्णय थांबवावा लागला.